फ्लॅकचं एमपी३ करा, एमपी३चं फ्लॅक नको, आणि त्या कॅसेट्स आधी माळ्यावरच राहू द्या

ताई, तुमचा प्रश्न दोनदा वाचला. मला समजलं ते असं. वडिलांच्या ३४० सीडी भाच्याने कॉम्प्युटरवर घेतल्या, त्यातल्या काही वेव्हमध्ये, म्हणजे सीडीवरचा आवाज न दाबता जसाच्या तसा, आणि बाकीच्या फ्लॅकमध्ये. ६० कॅसेट्स कुणाकडून तरी १२८ केबीपीएसच्या, म्हणजे सेकंदाला १२८ हजार बिटच्या, एमपी३ करून आणल्या. सगळं एका १ टीबीच्या डिस्कवर आहे. कारचा डेक फ्लॅक वाजवत नाही आणि फोनमध्ये जागा नाही. भाचा म्हणतो सगळं ३२०च्या एमपी३मध्ये कर आणि मूळ फाइली उडव. भाऊ म्हणतो उलट कर, त्या एमपी३चं फ्लॅक कर म्हणजे क्वालिटी सुधारेल. आणि सगळ्यात शेवटी तुम्ही सहज लिहिलंय की कॅसेट्स रविवारी भंगारवाल्याला देऊन टाकणार.

तर आधी तो भंगारवाला थांबवा. बाकीचं आपण निवांत बोलू.

भाऊ चूक आहे, भाचा अर्धा बरोबर. का ते सांगतो, कारण एकदा हे डोक्यात बसलं की पुढचे सगळे प्रश्न तुमचे तुम्हीच सोडवाल.

नऊवारी पातळाची घडी घालून कपाटात ठेवलं तर ते कमी जागेत मावतं, आणि उघडलं की परत नऊवार भरतं. फ्लॅक म्हणजे ही घडी. वेव्हचं फ्लॅक करा, फ्लॅकचं परत वेव्ह करा, ॲपलवाल्यांसाठी अलॅक करा, शंभर वेळा इकडून तिकडे करा, एक बिटसुद्धा इकडचा तिकडे होत नाही. एमपी३ म्हणजे त्याच पातळाला कात्री लावून बाळाचं झबलं शिवणं. झबलं छान होतं, बाळाला बसतं, पण झबल्याचं पातळ परत होत नाही. एमपी३चं फ्लॅक करणं म्हणजे ते झबलं पैठणीच्या पेटीत ठेवणं. पेटी मोठी, आत झबलंच. फाइल कितीतरी पट फुगते आणि आवाज तोच राहतो, वर घरातल्या पुढच्या माणसाला वाटतं हे ओरिजिनल आहे, हे त्यातलं सगळ्यात वाईट.

आता कात्री काय कापते ते बघा. गणपतीच्या मिरवणुकीत पुण्याच्या लक्ष्मी रोडला ढोल-ताशाच्या पथकाशेजारी उभे असाल तर खिशातला फोन वाजलेला कळतो का? फोन वाजत असतो, कानाला कळत नाही. मोठ्या आवाजाच्या शेजारच्या पट्टीतला बारीक आवाज, आणि मोठ्या ठोक्याच्या लगेच मागचा आवाज कानाला लागत नाही, याच्यावर एमपी३चं सगळं गणित उभं आहे. जे ऐकू येणार नाही असं त्याला वाटतं तिथले आकडे तो ओबडधोबड करून टाकतो आणि जागा वाचवतो. जर्मनीतल्या फ्राउनहोफर संस्थेचा यात मोठा हात होता, १९९३ साली ते स्टँडर्ड म्हणून छापून आलं, आणि २०१७ला त्यांनी लायसन्स देणंच बंद केलं, पेटंटं संपली, त्यामुळे आता एमपी३ बनवायला कुणाला काही द्यावं लागत नाही.

मग एमपी३चं परत एमपी३ केलं की काय होतं? दुसऱ्या वेळच्या एन्कोडरला, म्हणजे एमपी३ बनवणाऱ्या प्रोग्रॅमला, माहितीच नसतं की पहिल्याने काय कापलंय, पहिल्याने मागे ठेवलेली खरखर त्याला संगीतच वाटते, तो ती जपायला बिट खर्च करतो आणि दुसरीकडे नवीन कापतो. झेरॉक्सची झेरॉक्स. म्हणून तुमच्या १२८च्या फाइली ३२०ला करून काहीही मिळणार नाही, उलट थोडं जाईलच. व्हिडिओच्या साइटवरून "३२० केबीपीएस" म्हणून गाणी उतरवून देणाऱ्या साइट असतात ना, तिथेही हाच प्रकार. मुळात तिथला आवाज बराच आवळलेला असतो आणि वरून ३२०चं लेबल.

आता जागेचा हिशोब, कारण भाच्याला हाच दाखवायचाय. सीडीवर सेकंदाला ४४,१०० नमुने असतात, प्रत्येक १६ बिटचा, डावा-उजवा मिळून १,४११ केबीपीएस. म्हणजे मिनिटाला साधारण साडेदहा एमबी. ३४० सीडी, सरासरी तासाची एक धरली तर सगळं वेव्हमध्ये २१६ जीबीच्या आसपास. फ्लॅकमध्ये तेच साधारण निम्म्यावर येतं, गाण्यावर अवलंबून, १२० जीबी धरा. ३२०च्या एमपी३मध्ये ४९ जीबी. आणि तुमची डिस्क १ टीबीची आहे, म्हणजे १,००० जीबी! उडवायचं कशाला? जागेची अडचण डिस्कवर नाहीये, ती फोनमध्ये आणि कारमध्ये आहे. अडचण जिथे आहे तिथे छोटी कॉपी द्या, मूळ जिथे आहे तिथे राहू द्या. भाचा अर्धा बरोबर म्हटलं ते यासाठी, एमपी३ करायला हरकत नाही, मूळ उडवायला आहे.

तर पहिलं काम. डिस्कवरच्या ज्या वेव्ह आहेत त्या फ्लॅक करून टाका, आणि हे झाल्यावर वेव्ह खुशाल उडवा, हा एकच डिलीट मी तुम्हाला करू देतोय. वेव्हमध्ये गायकाचं नाव, राग वगैरे टॅग धड बसत नाहीत, एका प्लेअरला दिसतात, दुसऱ्याला दिसत नाहीत, आणि वेव्ह फाइलला ४ जीबीची मर्यादा आहे. सीडीला ती कधी लागत नाही, पण २४ बिट ९६ किलोहर्ट्झला लांब मैफल घेतली तर दोन तासांच्या थोडं पुढे गेल्यावर फाइल फुटते. फ्लॅकमध्ये टॅगही बसतात आणि मूळ आवाजाची एक चेकसम, म्हणजे ताळा घ्यायचा आकडा, फाइलच्या आतच लिहिलेली असते. पाच वर्षांनी शंका आली की ही फाइल सडली का, तर प्रोग्रॅमला सांगायचं तपास, तो सगळी फाइल उघडून चेकसम ताडून बघतो. वेव्हमध्ये अशी सोयच नाही.

फ्लॅक करताना ० ते ८ लेव्हल विचारतो, आणि लोक मला दर महिन्याला विचारतात की ८ने क्वालिटी वाढते का. नाही. नऊही लेव्हलला आवाज अगदी तोच, फक्त घडी किती घट्ट घालायची एवढंच. जे आहे ते, म्हणजे ५, तसंच ठेवा.

वेव्ह उडवायच्या आधी मात्र एक करा. नव्या फ्लॅक फाइली सगळ्या सिलेक्ट करून त्यांची टेस्ट लावा, विंडोजवर फूबार२००० नावाच्या प्लेअरमध्ये राइट क्लिक केल्यावर फाइलींची तपासणी करायचा पर्याय सापडतो, नसला तर त्याचा कंपोनंट, म्हणजे वरून जोडायचा भाग, फुकट मिळतो. एकही एरर नाही असं आलं की मग उडवा. एकाने माझ्यासमोर कन्व्हर्जन चालू असतानाच मूळ फोल्डर रिकामा केला, त्याचं म्हणणं होतं "बार पुढे सरकतोय ना, मग?" नंतर लाइट गेली.

आता कार. डेक जुना असेल तर एमपी३च द्या, नखरे करू नका. भाच्याचं ३२० चालेल, पण मला विचाराल तर ३२०ची गरज नसते. लेम नावाचा एन्कोडर आहे, एमपी३ बनवणाऱ्या बऱ्याच प्रोग्रॅममध्ये आतून तोच असतो, त्याच्यात व्हीबीआर म्हणजे बदलता बिटरेट निवडा. त्यातल्या व्ही० या सेटिंगला सरासरी २४५च्या आसपास येते, व्ही२ला १९०च्या आसपास. आवाज शांत, साधा असेल तिथे तो कमी बिट खर्च करतो, तबला-हार्मोनियम-टाळ्या सगळं एकदम आलं की जास्त. फिक्स ३२० म्हणजे शांततेलाही तेवढंच बिल. तुमचा सगळा सीडीसंग्रह व्ही२ला २९ जीबीत बसतो, व्ही०ला साडेसदतीस. पण हो, सगळा संग्रह कारमध्ये घालू नकाच, हजारो फाइली असल्या की पेनड्राइव्ह लावल्यावर बरेच डेक विचार करत बसतात आणि तोवर तुम्ही चांदणी चौक पार केलेला असतो. तपकीर गल्लीतून ३२ जीबीचा एक साधा पेनड्राइव्ह आणा, फॅट३२ला फॉरमॅट करा कारण जुने डेक दुसरं ओळखत नाहीत, आणि आवडीच्या शंभर सीडी त्यावर टाका.

"जॉइंट स्टिरिओ" असा पर्याय दिसला की लोक घाबरून नुसता "स्टिरिओ" करतात, काहीतरी भेसळ आहे असं वाटून. भेसळ नाही ती. डाव्या-उजव्यात जे सारखं आहे ते दोनदा लिहायचं नाही इतकाच अर्थ. आपल्या गाण्यात गायक मधोमध असतो, त्यामुळे फायदाच होतो. राहू द्या.

फोनला एमपी३पेक्षा चांगले पर्याय आहेत. आयफोन असेल तर एएसी २५६, अँड्रॉइड असेल तर ओपस. ओपस २०१२चं, १२८लाच इतकं छान वाजतं की मी स्वतः फोनमध्ये तेच ठेवतो, तुमच्या ३४० सीडी वीस जीबीच्या आत येतील. ओपस आतून ४८ किलोहर्ट्झवरच चालतं, सीडीचं ४४.१ तो स्वतः बदलून घेतो, त्याची चिंता करायची नाही. कारच्या डेकवर मात्र ओपस विसरा. आणि फोन ब्लूटूथने जोडून ऐकणार असाल तर हे लक्षात घ्या की फोन तिथे आवाज परत एकदा दाबून पाठवतो, बहुतेक वेळा एसबीसीने नाहीतर एएसीने. म्हणजे फोनमध्ये फ्लॅक ठेवलं तरी हेडफोनपर्यंत फ्लॅक पोचत नाहीच. म्हणूनच ९६ची कंजुषीही करू नका, दोनदा कात्री लागणार आहे हे धरून थोडं कापड जास्त ठेवा.

फरक ऐकू येतो का? खरं सांगू का, मी ५८ वर्षांचा आहे, ही कामं पंचवीस वर्षं करतोय आणि १२ किलोहर्ट्झच्या वरच्या आवाजांनी माझा निरोप कधीच घेतलाय. व्ही० आणि फ्लॅक डोळे बांधून ओळखा म्हटलं तर ख्याल-ठुमरीत मला बहुतेक वेळा जमत नाही. फूबारमध्ये एबीएक्स नावाचा कंपोनंट आहे, तो दोन फाइली लपवून वाजवतो आणि तुम्ही ओळखायचं, सोळा वेळा करून बघा, अहंकार उतरायला स्वस्त उपाय आहे. पण काही जागी एमपी३ पकडला जातो आणि त्या जागा आपल्या संगीतात भरपूर आहेत. भजनातले टाळ, चिपळ्या, घुंगरू, तबल्याचा कोरडा "ना". एमपी३ आवाजाचे छोटे तुकडे करून काम करतो, ठोका तुकड्याच्या मधे पडला की त्याची खरखर ठोक्याच्या आधीच्या शांततेत सांडते. ठोक्याआधी हलकंसं "फस्स" असं. १२८ला टाळांचा गजर ऐका, वारी पावसात चाललीये असं वाटेल. दुसरा तानपुरा. जवारी, म्हणजे तारेची घोडीवरची झंकार, चांगली लागली की वरचे स्वर एकमेकांत मिसळून दाट होतात, आणि कमी बिटरेटला हा दाटपणा पाण्याखालून आल्यासारखा गोल गोल फिरायला लागतो. एकदा ऐकू आलं की मग दुसरं काही ऐकू येत नाही, म्हणून मी लोकांना मुद्दाम दाखवत नाही.

अजून एक गोष्ट जी फक्त आपल्यासारख्यांना त्रास देते. सीडीवर विलंबित एका ट्रॅकवर आणि द्रुत पुढच्या ट्रॅकवर असतं, पण मधे तानपुरा अखंड चालू असतो. एमपी३ फाइल बनवताना सुरुवातीला आणि शेवटी थोडी रिकामी जागा आपोआप जोडली जाते, सुरुवातीचीच साधारण ११०० नमुन्यांची, म्हणजे पंचवीसेक मिलिसेकंद. ऐकायला काहीच नाही वाटत, पण ऐन समेच्या आधी तानपुरा गचका खातो. लेम ही जागा किती होती ते फाइलमध्ये लिहून ठेवतो आणि चांगला प्लेअर ते वाचून कापतो, कारचे डेक बहुतेक वाचत नाहीत. उपाय सोपा. कारसाठी करताना त्या रागाचे दोन्ही ट्रॅक आधी फ्लॅकमध्येच जोडून एक करा आणि मग त्याचा एकच एमपी३ बनवा. फूबारच्या कन्व्हर्टरमध्ये सगळे ट्रॅक एका फाइलमध्ये करायची सोय आहे.

कन्व्हर्ट कसं करायचं ते विचारलंय म्हणून सांगतो, पण यात खोल जाण्यासारखं नाही. विंडोजवर फूबार२००० आणि त्याचा फुकट मिळणारा एन्कोडर पॅक, मॅकवर एक्सएलडी, आणि काळ्या खिडकीत आज्ञा टाइप करायची हौस भाच्याला असेल तर एफएफएमपेग. फोल्डर ओढून आत टाका, फॉरमॅट निवडा, दुसरा फोल्डर दाखवा, फोल्डरांची मूळ रचना तशीच ठेवायला सांगा, आणि "प्रोसेसिंग"मध्ये काहीही टिक करू नका. नॉर्मलाइज नको, इक्वलायझर नको, बास बूस्ट तर नकोच. आलाप हळू आणि सिनेमाची गाणी मोठी वाजतात ही तक्रार असेल तर एमपी३गेन नावाचा जुना प्रोग्रॅम आहे, तो आवाज परत न कापता फाइलमधला गेनचा आकडा दीड-दीड डेसिबलने वरखाली करतो, नाही आवडलं तर मागे नेता येतो. तो फक्त कारच्या कॉपीवर चालवा. ऑनलाइन कन्व्हर्ट करून देणाऱ्या साइटवर जाऊ नका, ते कुठल्या बिटरेटला काय करतात कळत नाही, आणि ३४० सीडी अपलोड कोण करणार. आणि कृपा करून फाइलच्या नावाचं शेपूट (.flac चं .mp3) बदलून फ्लॅकचं एमपी३ "करू" नका, हसू नका, माझ्याकडे असा अख्खा पेनड्राइव्ह आलेला आहे, डेकवर वाजत नाही म्हणून.

टॅगबद्दल एवढंच. कारच्या डेकवर देवनागरी नावं चौकोन चौकोन दिसली तर आधी टॅग आयडी३च्या २.३ आवृत्तीत लिहून बघा, तरी नाही झालं तर कारच्या कॉपीपुरती नावं रोमनमध्ये करा. मूळ फ्लॅकवर देवनागरीच ठेवा. आणि राग-ताल ट्रॅकच्या नावातच लिहा, "यमन, विलंबित एकताल" असं, वेगळ्या रकान्यात लिहिलेलं डेक दाखवत नाही.

आता त्या साठ कॅसेट्स, ज्यासाठी मी हे सगळं लिहायला बसलो.

२००३ साली माझ्याकडे माझ्या मामांच्या कॅसेट्स होत्या, एक खोकं. मामा हार्मोनियम वाजवायचे, घरच्या बैठका टेप करायचे, मधेमधे मामीचा आवाज, कुकरची शिट्टी, "चहा घेणार का" असं सगळं. तेव्हा डिस्क महाग, मी हुशार, मी सगळं १२८ला एमपी३ केलं. वेव्ह उडवल्या. पावसाळ्यात खोक्यात बुरशी आली तेव्हा "आता काय, कॉम्प्युटरवर आहे की" म्हणून खोकंच टाकून दिलं. आज माझ्याकडे चांगला कॅसेट डेक आहे, टेपचा आवाज कॉम्प्युटरवर घेणारा चांगला कन्व्हर्टर आहे, हात बसलाय, आणि मामांची हार्मोनियम पाण्याखाली वाजते. तिचं मी फ्लॅक करू शकतो, काय उपयोग? बुरशी पुसता आली असती हो.

म्हणून सांगतो, तुमच्या साठ १२८च्या फाइलींवर वेळ घालवू नका. त्यांचं काहीच करू नका, आहेत तशा ठेवा. कॅसेट्स आहेत, मग परत घ्या. आणि साठही एकदम घ्यायच्या नाहीत. आधी दोन ढीग करा. एकात विकतच्या, कर्वे रोडवरच्या अलूरकर म्युझिक हाऊसमधून वडिलांनी आणल्या असतील तशा, दुसऱ्यात घरी टेप केलेल्या. विकतची गोष्ट दुसऱ्या कुणाकडे तरी असते. रेडिओवरून घेतलेलं, घरच्या बैठका, आजीच्या ओव्या, लहानपणी तुम्ही म्हटलेल्या कविता, हे जगात त्या एका टेपवरच आहे. सुरुवात तिथून.

एक गंमत सांगतो म्हणजे तुम्हाला कुणी फसवणार नाही. फ्लॅक म्हणून दिलेली फाइल खरंच फ्लॅक आहे की फुगवलेलं एमपी३, ते बघायला स्पेक नावाचा छोटा प्रोग्रॅम आहे, तो आवाजाचं रंगीत चित्र काढतो. १२८च्या एमपी३त साधारण १६ किलोहर्ट्झच्या वर सगळं काळं, सुरीने कापल्यासारखी सरळ रेघ. पण कॅसेटवर किंवा तीन-साडेतीन मिनिटांच्या जुन्या तबकडीवर मुळातच वरचं संगीत नसतं, म्हणून चित्र रिकामं दिसलं की लगेच "फेक आहे" म्हणून भांडायला जाऊ नका. रेघ बघा. खऱ्या टेपमध्ये हिस्स, म्हणजे टेपची सततची सळसळ, असते आणि ती वरपर्यंत हळूहळू विरत जाते, कापलेली नसते. सरळ भिंत दिसली तर मात्र मधे एमपी३ येऊन गेलेला आहे, आणि साठातल्या दोन-तीन परत करून कुणी आणून दिल्या तर हेच आधी तपासा.

काम कुणाला देणार असाल तर काय मागायचं: २४ बिट, ४८ किलोहर्ट्झ, फ्लॅक, कसलीही साफसफाई न केलेलं. ९६ किलोहर्ट्झ कुणी देत असेल तर घ्या, पण त्यासाठी जास्त पैसे देऊ नका, कॅसेटवर तेवढं वर काही नाही. एका नव्वद मिनिटांच्या कॅसेटची ४८ला दीड जीबीच्या थोडी वर वेव्ह होते, फ्लॅक त्याहून कमी, पण सीडीइतकं कमी नाही, कारण हिस्स म्हणजे नुसता गोंधळ आणि गोंधळाची घडी नीट बसत नाही. एमपी३लाही हिस्स अशीच नडते, बिट तीच खाऊन टाकते, म्हणून कॅसेटची कारसाठी कॉपी करताना व्ही०च घ्या. आणि साफसफाई, म्हणजे नॉइज रिडक्शन, करायची झाली तर वेगळ्या कॉपीवर. सॉफ्टवेअरला हिस्स आणि जवारी यातला फरक कळत नाही, हिस्स जाते तेव्हा तानपुऱ्याचा जीवही जातो, आणि "किती स्वच्छ आवाज" असं म्हणून लोक खूश होतात.

खरं तर फॉरमॅटवर लोक जेवढं भांडतात त्याच्या दहावा भागही कॅसेट डेककडे बघत नाहीत. ज्याला काम द्याल त्याला विचारा, हेड, म्हणजे टेप वाचणारा डेकचा भाग, कधी पुसलं, कशाने पुसलं. आयसोप्रोपिल अल्कोहोलने दर दोन-तीन कॅसेटला पुसायला हवं, जुन्या टेपचं तपकिरी भुस्कट हेडवर बसतं आणि आवाज उशीत तोंड घातल्यासारखा येतो. दुसरं ॲझिमथ. हेडचा तिरकसपणा एका बारीक स्क्रूने जुळवतात, प्रत्येक कॅसेट वेगळ्या मशीनवर टेप झालेली असते, म्हणून प्रत्येक वेळी तो स्क्रू किंचित फिरवून आवाज सगळ्यात उजळ कुठे लागतो ते कानाने बघायचं. हे न करता केलेल्या ट्रान्सफरमध्ये जे वरचे सूर जातात ते कुठलाच फ्लॅक परत आणत नाही. मोनो रेकॉर्डिंग असेल तर हे फारच महत्त्वाचं, तिरक्या हेडने घेतलेले डावा-उजवा नंतर एकत्र केले की ते एकमेकांना खातात. डॉल्बी, म्हणजे डेकमधली हिस्स दाबायची सोय, कॅसेटवर तशी खूण असेल तरच लावायचं. रेकॉर्डिंगची लेव्हल आवाज फुटतो त्या टोकाच्या सहा-आठ डेसिबल खाली ठेवायची, २४ बिटमध्ये खाली ठेवल्याने काही बिघडत नाही, वर फुटलं तर कायमचं फुटतं. अशी माहिती विचारल्यावर जो माणूस वैतागतो त्याला काम देऊ नका, जो खूश होऊन अर्धा तास बोलतो त्याला द्या, तो उशीर करेल पण नीट करेल.

पांढरे ठिपके दिसले, म्हणजे बुरशी, तर ती कॅसेट वाजवूनसुद्धा बघू नका, हेड घाण होईल आणि ती पुढच्या कॅसेटला लागेल, बाजूला पिशवीत ठेवा आणि करणाऱ्याला आधी सांगा. टेपच्या मागचा फेल्टचा छोटा तुकडा पडलेला असला तर घाबरू नका, स्क्रूवाल्या दुसऱ्या कव्हरात टेप घालता येते.

डिस्क एकच आहे ना तुमच्याकडे? दुसरी घ्या, सगळी फ्लॅक तिच्यावर कॉपी करा आणि ती भावाच्या घरी ठेवा, क्वालिटी सुधारायची त्याची हौसही भागेल. एमपी३ आणि ओपसच्या कॉप्यांचा बॅकअप नको, त्या परत बनवायला एक दुपार लागते.

आणि कॅसेट्स तोपर्यंत उभ्या ठेवा, पुस्तकांसारख्या, एका बाजूला पूर्ण गुंडाळून. माळ्यावर पत्रा तापत असेल तर खाली कपाटात आणा, स्पीकरच्या शेजारी नको. घरी टेप केलेल्या किती निघाल्या ते मोजून कळवा. वीसच्या आत असतील तर दिवाळीनंतर माझ्याकडे आणून द्या, डेक मी चालू ठेवलाय.